स्मिथ्सच्या गिटारचा आवाज पेडलमध्ये का सापडत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'आमचा चौघांचा बँड आहे. 1980 च्या दशकातल्या द स्मिथ्स या ब्रिटिश बँडची गाणी बसवतो आहोत. रिकनबॅकरसारखी दिसणारी गिटार घेतली, कोरसचं पेडल घेतलं, कॉम्प्रेसर घेतला, तरी त्यांच्या गिटारवादकासारखा, जॉनी मारसारखा, आवाज येत नाही. नेमकं काय चुकतंय? आणि इतका चांगला बँड पाच वर्षांत का फुटला?'

पैसे खर्च होण्याआधी विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण हरकत नाही. मीही हेच केलं होतं, तेही उसने पैसे घेऊन. पंचवीसएक वर्षं गिटार वाजवतोय, त्यातली निम्मी लोकांच्या बँडचं रेकॉर्डिंग करण्यात गेली, आणि या एका आवाजामागे लागलेली मुलं दर वर्षी एकदोन तरी भेटतात. सगळे एकाच दुकानात जातात आणि तेच तीन डबे घेऊन येतात.

आधी गिटारचंच घेऊ. ज्या गाण्यामुळे तुम्ही रिकनबॅकरच्या प्रेमात पडलात ते बहुधा 'दिस चार्मिंग मॅन' असणार, 1983 सालचं. त्या गाण्यातली मुख्य गिटार रिकनबॅकर नाहीच. निर्माता जॉन पोर्टर याच्या मालकीची 1954 सालची फेंडर टेलीकास्टर होती ती. मारकडे रिकनबॅकर 330 होती, टीव्हीवर तीच दिसायची, म्हणून सगळ्या जगाने आवाजही तिचाच धरला. पुढे अमेरिकेतल्या साइअर रेकॉर्ड्सच्या सीमोर स्टाइनने त्याला न्यूयॉर्कमध्ये लाल रंगाची गिब्सन ईएस-355 घेऊन दिली आणि तिच्यावर पहिल्यांदा हात ठेवल्यावर 'हेवन नोज आय अ‍ॅम मिझरेबल नाऊ'ची चाल सुचली. तीन कंपन्यांच्या तीन वेगळ्या गिटारी, तरी ऐकणारा डोळे मिटून सांगतो की हा मारच. म्हणजे गोष्ट लाकडात नाही.

मग कशात आहे? मार लहानपणी रेकॉर्ड लावून गिटार शिकला, पण रेकॉर्डमधली फक्त गिटार उचलायची असं त्याने केलं नाही. मोटाउन या अमेरिकन सोल संगीताच्या कंपनीचं गाणं असेल तर त्यातला पियानो, व्हायोलिनं, मागचे कोरसवाले, सगळंच एका गिटारवर एकाच वेळी आणायची त्याची धडपड असे. ही सवय डोक्यात ठेवून पुन्हा ऐका. तो कॉर्ड धरतो आणि हाणतो असं क्वचितच होतं. कॉर्डच्या आत एक चाल फिरत असते, खाली एखादी तार मोकळी वाजत राहते, वर करंगळी काहीतरी बदलत असते. एका माणसाने दोघांचं काम करायचं, असा तो सगळा मामला आहे.

यातला पहिला धडा कापोचा, म्हणजे गिटारच्या मानेवर लावून सगळ्या तारांचा स्वर वर चढवणाऱ्या चिमट्याचा. सुरुवातीच्या काळात स्मिथ्सची गिटार नेहमीपेक्षा एक पूर्ण स्वर वर लावलेली असे, म्हणजे ई ऐवजी एफ शार्प. नंतर तेच काम दुसऱ्या फ्रेटवरच्या कापोने होऊ लागलं. 'दिस चार्मिंग मॅन' ए मध्ये ऐकू येतं, पण हाताचे आकार जी मधले आहेत. बारकॉर्ड लावून, म्हणजे एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून, ए मध्ये वाजवलंत तर स्वर बरोबर येतील आणि गाणं मेलेलं असेल, कारण मोकळ्या तारांची किणकिण निघून जाते. तुम्ही मात्र कापोच वापरा, तारा वर ओढू नका. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी तो हट्ट केला होता. दुसऱ्या गाण्याला पहिली तार तुटली, आणि उरलेला कार्यक्रम पाच तारांवर काढला.

दुसरा धडा थरांचा. 'दिस चार्मिंग मॅन'च्या रेकॉर्डिंगमध्ये गिटारचे सुमारे 15 ट्रॅक आहेत असं मारने स्वतः सांगितलेलं आहे. त्यात अकूस्टिक गिटारचे तीन आणि एक उलटी वाजवलेली गिटार. आणि ध्रुवपदाच्या शेवटी जो झणत्कार येतो तो कसा काढला माहीत आहे? टेलीकास्टर फेंडरच्या ट्विन रिव्हर्ब अँपवर आडवी ठेवली, तारा ओपन कॉर्डमध्ये लावल्या, अँपची थरथर चालू केली, आणि धातूच्या मुठीच्या सुऱ्या तारांवर टाकल्या. कुठली तार वाजेल ते सुरीच्या नशिबावर. आता सांगा, हे कुठल्या पेडलमध्ये मिळणार आहे?

पंधरा ट्रॅक असूनही गाणं जड लागत नाही, ही खरी कारागिरी. प्रत्येक थर बारीक आहे, प्रत्येकाची जागा वेगळी आहे. दोन गिटारी एकाच फ्रेटवर एकच आकार वाजवत असतील तर थर होत नाही, नुसती जाडी होते. हाच थर घरच्या घरी करायचा सोपा उपाय म्हणजे नॅशव्हिल ट्यूनिंग: बारा तारांच्या सेटमधल्या बारीक तारा घ्यायच्या आणि खालच्या चार तारांच्या जागी एक सप्तक वर लावायच्या. मारने हे ट्यूनिंग स्मिथ्सच्या रेकॉर्डिंगमध्ये वापरलेलं आहे. साध्या अकूस्टिकवर असं वाजवून मुख्य गिटारच्या मागे हलकेच ठेवा. वेगळी ऐकू येता कामा नये. बंद केली की काहीतरी गेलं असं वाटलं पाहिजे.

कोरसबद्दल, म्हणजे एका गिटारचा आवाज दोनतीन गिटारींसारखा पसरवणाऱ्या इफेक्टबद्दल, एवढंच: तो होता, पण मसाल्याइतका. मार रोलँडचा जॅझ कोरस अँप वापरत असे आणि आपल्याकडे तालमीच्या खोल्यांमध्ये तो हमखास सापडतो, तेव्हा पेडल घरी ठेवलंत तरी चालेल. कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबून सारखे करणारा डबा) ठेवा, फक्त त्याचा अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, जरा सैल सोडा, म्हणजे पिकचा टोकदार पहिला आघात निसटून बाहेर येईल. तो आघात चेपला की सगळं पांचट होतं. आणि डिस्टॉर्शन बंद. अगदी बंद.

एवढं करूनही तुमचा आवाज अर्धाच येईल. कारण उरलेला अर्धा गिटारमध्ये नाही, अँडी रोर्कच्या बेसमध्ये आहे, आणि तुमच्या प्रश्नात बेसचा उल्लेख एकदाही नाही! रोर्क आणि मार शाळेतले दोस्त. दोघांनाही फंकचा नाद. रोर्क मूळ गिटारवादक, म्हणून त्याचा बेस नुसता मूळ स्वर धरून बसत नाही, स्वतंत्र चाल गातो. 'बार्बरिझम बिगिन्स अ‍ॅट होम' ऐका, सात मिनिटांचं गाणं जवळजवळ बेसवर उभं आहे. आता विचार करा: बेस चाल गातोय, म्हणून गिटारला जडपणा पुरवायची गरज उरत नाही, म्हणून ती वर जाऊन चमकू शकते. तुमचा बेसवाला मूळ स्वरावर आठ-आठ ठोके देत असेल, तर तुमची गिटार कितीही किणकिणली तरी मधला भाग रिकामा आणि खालचा भाग ठोकळेबाज वाटणार. मिक्स करताना गिटारमधला 150 हर्ट्झच्या खालचा सगळा भाग कापून टाका. ती जागा रोर्कची आहे. (2023 च्या मे महिन्यात तो गेला, 59 व्या वर्षी. त्या आठवड्यात त्याच्या ओळी वाजवणारे किती बेसवाले भेटले! त्याआधी कुणी नाव काढत नव्हतं.)

ड्रमर माइक जॉयसचं वादन सरळ, थोडं घाईचं, पंकच्या शाळेतलं. त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही आणि तेच त्याचं काम होतं. दोघे एवढी नक्षी काढत असताना तिसऱ्यानेही काढली असती तर गोंधळ झाला असता.

आणि गायक मॉरिसी. तो सहसा कुठलंही वाद्य वाजवत नसे. मार संगीत पूर्ण करून कॅसेट द्यायचा, मॉरिसी घरी जाऊन तिच्यावर शब्द बसवायचा. मारच्या डोक्यात जो ध्रुवपदाचा भाग असे तिथे मॉरिसी कधी कडवं गायचा, कधी गप्प बसायचा, आणि जिथे काहीच अपेक्षित नव्हतं तिथे सुरुवात करायचा. आपल्याकडे साथीची कल्पना वेगळी. संवादिनीवाला गायकाच्या मागे सावलीसारखा जातो. स्मिथ्समध्ये सावली नाही. मला ते तबल्याच्या सोलोसारखं वाटतं: लेहरा आपल्या जागी फिरत राहतो, स्वतःपुरता पूर्ण, आणि तबलजी त्याच्यावरून हवा तिकडे जाऊन समेवर येतो. मारची गिटार हा तो लेहरा. म्हणूनच स्मिथ्सच्या गाण्यांत गिटारचा लांबलचक सोलो जवळपास नाही. गिटार आधीपासूनच बोलतेय, तिला मध्येच उठून भाषण करायची गरज काय? तुमचा गायक जर गिटारच्या प्रत्येक वळणाबरोबर वळत असेल, तर त्याला सांगा, गिटार बंद करून फक्त बेस आणि ड्रमवर गाण्याची तालीम कर.

आता 'हाऊ सून इज नाऊ?', कारण तुमच्या यादीत ते असणारच आणि त्याने तुमची सगळ्यात जास्त दमछाक होणार. हे गाणं स्मिथ्सच्या इतर गाण्यांसारखं नाही. अमेरिकेत लोक त्यावरूनच बँड ओळखतात हा एक गमतीशीर अपघात आहे. 1984 च्या उन्हाळ्यात लंडनच्या जॅम स्टुडिओत ते झालं. कामापुरतं नाव होतं 'स्वॅम्प', म्हणजे दलदल. स्टुडिओतले दिवे काढून लाल बल्ब लावले होते. जवळजवळ एकच कॉर्ड, बो डिडली या जुन्या अमेरिकन रॉक-अँड-रोल गिटारवादकाच्या जातीचा ठेका, आणि ती थरथर.

ती थरथर अशी आली. मारने गिटार आधी कसलाही इफेक्ट न लावता कोरडी रेकॉर्ड केली. मग तोच ट्रॅक टेपवरून चार ट्विन रिव्हर्ब अँपमध्ये सोडला, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. चारही अँपवरची थरथर गाण्याच्या लयीत ठेवायची होती. आजच्यासारखं टेम्पोशी बांधून ठेवणारं काही नव्हतं, नुसती अँपवरची बटणं. दोन अँप पोर्टरने सांभाळले, दोन मारने. थोडं वाजवायचं, अँप लयीतून सुटले की टेप थांबवायची, मागे घ्यायची, पुन्हा जुळवायचं. कधी कधी एका दमात जेमतेम दहा सेकंदांचा तुकडा हाती लागायचा. तुमचं पेडल अगदी अचूक थरथरतं, म्हणून ते खोटं वाटतं. मूळ रेकॉर्डमध्ये चार अँप एकमेकांच्या किंचित मागेपुढे आहेत, आणि तोच त्याचा जीव.

घरी करायचं तर गिटार कोरडी रेकॉर्ड करा, चार प्रती काढा, चारहींवर थरथर लावा, एकही टेम्पोला बांधू नका, हाताने जुळवा, दोन डावीकडे दोन उजवीकडे. अर्धा दिवस जाईल. आणि अँपवर बटणाखाली 'व्हायब्रेटो' लिहिलंय म्हणून गोंधळू नका. फेंडरच्या त्या अँपमध्ये आवाज लहानमोठा होतो, स्वर हलत नाही, म्हणजे तो ट्रेमोलो आहे. उलट फेंडरच्याच गिटारवरच्या दांडीला ते ट्रेमोलो म्हणतात आणि तिने हलतो तो स्वर. लिओ फेंडरने हा घोळ घालून ठेवलाय आणि तीन पिढ्या निस्तरतायत.

एवढ्या कष्टाचं गाणं आधी 'विल्यम, इट वॉज रिअली नथिंग' या सिंगलच्या बारा इंची तबकडीवर मागच्या बाजूला टाकलं गेलं. स्वतंत्र सिंगल म्हणून आलं 1985 च्या सुरुवातीला, तोवर बऱ्याच चाहत्यांनी ते विकत घेऊन झालं होतं. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत 24 व्या क्रमांकावर थांबलं.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण असे निर्णय का व्हायचे ते त्यात आहे.

स्मिथ्सना 'इंडी' बँड म्हणतात. तो शब्द आज आपण आवाजासाठी वापरतो. 1983 च्या ब्रिटनमध्ये तो हिशेबाचा शब्द होता. 1980 पासून तिथे इंडी रेकॉर्डची वेगळी यादी निघायची आणि तिच्यात यायचं तर रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून विकली गेलेली हवी, एवढीच अट. आत संगीत काहीही असो. स्मिथ्स मँचेस्टरचे, आयरिश स्थलांतरितांची मुलं. 1982 मध्ये अठरा वर्षांचा मार स्ट्रेटफर्डला मॉरिसीच्या दारात जाऊन उभा राहिला, तिथून सुरुवात. पहिला कार्यक्रम त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, मँचेस्टरच्या रिट्झमध्ये. कपड्यांचा व्यवसाय करणाऱ्या जो मॉसने मॅनेजर म्हणून पदरचे पैसे घातले आणि स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत 'हँड इन ग्लव्ह' झालं. मार आणि रोर्क टेप घेऊन थेट लंडनला रफ ट्रेडमध्ये गेले आणि जेफ ट्रॅव्हिसच्या हातात दिली. रफ ट्रेड म्हणजे 1976 मध्ये निघालेलं रेकॉर्डचं दुकान, त्यातून वाढलेली कंपनी. मनाने मोकळी, पण मोठ्या बँडचा गाडा ओढायची ताकद मर्यादित.

पहिला अल्बम दोनदा करावा लागला. निर्माता ट्रॉय टेटबरोबर केलेला रद्द झाला, मग पोर्टरबरोबर नव्याने. फेब्रुवारी 1984 मध्ये तो आला, दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, आणि तरीही तो थोडा बोदा आहे असं माझं मत. याच गाण्यांतली काही बीबीसीच्या रेडिओ सत्रांसाठी झटपट वाजवली होती. ती त्याच वर्षीच्या 'हॅटफुल ऑफ हॉलो' या संग्रहात आहेत आणि जास्त जिवंत आहेत. बसवायला घेताना त्याच आवृत्त्या ऐका. कमी थर, त्यामुळे कोण काय वाजवतोय ते कळतं, आणि चौघांच्या बँडला तेवढंच झेपतं.

1985 चा 'मीट इज मर्डर' पहिल्या क्रमांकावर गेला, तोही ब्रूस स्प्रिंगस्टीनला खाली उतरवून. 1986 चा 'द क्वीन इज डेड' हा लोकांच्या लेखी सर्वोत्तम. तो तयार होऊनही रफ ट्रेडशी झालेल्या कज्ज्यामुळे काही महिने अडकून पडला. त्यातल्या 'देअर इज अ लाइट दॅट नेव्हर गोज आउट'मधली व्हायोलिनं खरी नाहीत. इम्युलेटर नावाच्या सँपलरवर (साठवलेले आवाज पट्ट्यांवर वाजवणारं यंत्र) मारने वाजवलेली आहेत, आणि मुखपृष्ठावर श्रेय मात्र 'हेटेड सॅलफर्ड एन्सेंबल' या कुठेही नसलेल्या वाद्यवृंदाला. 'बिगमाउथ स्ट्राइक्स अगेन'मधली मागची बाई म्हणजे मॉरिसीचाच आवाज वेग वाढवून. श्रेय 'अ‍ॅन कोट्स'ला. मँचेस्टरात अँकोट्स नावाची वस्ती आहे!

आता फुटण्याबद्दल. लोक मॉरिसी-मारच्या स्वभावांवर बोट ठेवतात. मला कारण जास्त रुक्ष वाटतं. जो मॉस लवकर बाजूला झाला, त्यानंतर एकही मॅनेजर टिकला नाही. बाविशी-तेविशीतला मार गाणी रचायचा, पंधरा ट्रॅक वाजवायचा, स्टुडिओत निर्मात्याचं काम बघायचा, आणि दौऱ्याच्या गाडीचं भाडं कुणी द्यायचं हेही त्यालाच विचारलं जायचं. रोर्क हेरॉइनमध्ये अडकला होता. 1986 मध्ये त्याला काढलं आणि काही आठवड्यांत परत घेतलं. पाच वर्षांत सत्तरएक गाणी, चार अल्बम, आणि अल्बममध्ये नसलेले सिंगल वेगळेच. 1987 च्या उन्हाळ्यात मारने बँड सोडला. शेवटचा अल्बम 'स्ट्रेंजवेज, हिअर वी कम' बाहेर आला तेव्हा बँडच उरला नव्हता. ईएमआय या मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी नवा करार झाला होता, त्यांच्यासाठी एकही गाणं झालं नाही.

पैशाचं तर लिहूनच ठेवलेलं नव्हतं. रेकॉर्डच्या उत्पन्नातले 40-40 टक्के मॉरिसी आणि मारला, 10-10 टक्के रोर्क आणि जॉयसला, अशी वाटणी चालत होती. रोर्कने 1989 मध्ये 83,000 पौंड आणि पुढचे 10 टक्के घेऊन विषय मिटवला. जॉयस कोर्टात गेला. 1890 सालचा ब्रिटिश भागीदारी कायदा म्हणतो की वेगळं ठरल्याचं सिद्ध झालं नाही तर भागीदार सारखे. 1996 मध्ये तो जिंकला, 25 टक्के आणि मागची सुमारे दहा लाख पौंडांची बाकी. तुम्ही चौघे आहात असं लिहिलंय. आज कमाई शून्य असेल, तरी एका कागदावर चौघांच्या सह्या घ्या. शून्य असतानाच भांडण होत नाही.

सगळ्यात मजेशीर गोष्ट म्हणजे त्या शेवटच्या अल्बमचं पहिलं गाणं, 'अ रश अँड अ पुश अँड द लँड इज अवर्स'. त्यात गिटारच नाही. ज्या किणकिणीच्या मागे तुम्ही आणि मी पैसे घातले, तिला मार तेवीस वर्षांच्या वयात कंटाळला होता.

तुमच्यासाठी काम असं. 'दिस चार्मिंग मॅन' बाजूला ठेवा, ते अवघड आहे आणि लगेच उघडं पडतं. 'हॅटफुल ऑफ हॉलो'मधलं 'बॅक टू द ओल्ड हाऊस' घ्या, अकूस्टिक गिटार आणि आवाज, बस. ते एकट्याने बसवा. बेसवाल्याला तोवर 'बार्बरिझम' द्या. महिन्याने रेकॉर्ड करून पाठवा, व्हिडिओ नको, नुसता ऑडिओ, आणि बेसचा ट्रॅक वेगळा काढून. मी तो आधी ऐकणार आहे.